किचन चिमणी किती रुंद, किती ताकदीची? खान्देशातल्या स्वयंपाकघरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात मी ओटे आणि मॉड्युलर किचनची कामं करतो. चिमणीबद्दल लोक फोनवर आणि मेसेजवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न "हजाराची घेऊ की पंधराशेची?" असा असतो, म्हणजे तासाला किती घनमीटर हवा ओढणारी. माझा अनुभव वेगळा आहे. धूर जातो की नाही हे आधी चिमणीची रुंदी, तिची उंची आणि पाईप ठरवतो, बॉक्सवरचा आकडा त्यानंतर येतो. म्हणून प्रश्नांचा क्रमही तसाच ठेवला आहे.

१. आमच्या स्वयंपाकघरात खिडकी आहे, एक्झॉस्ट फॅन आहे. तरी चिमणी लागते का?

तुम्ही काय रांधता, त्यावर आहे. रोजचा वरण-भात-पोळी-भाजी असेल आणि ओट्यामागची खिडकी परसात उघडत असेल, तर चांगला एक्झॉस्ट फॅन पुरतो. उगाच खर्च करू नका.

पण आपल्याकडे शेवभाजीचा रस्सा तेलाचा तवंग सुटेपर्यंत परततात, काळ्या मसाल्याचं सामान कढईत भाजतात, ठेच्याच्या मिरच्या तव्यावर काळ्या होईस्तोवर ठेवतात. तो ठसका पुढच्या खोलीत बसलेल्या माणसालाही लागतो. एक्झॉस्ट फॅन खोलीभर पसरून झालेला धूर काढतो, चिमणी तो कढईवरच धरते. मधल्या वेळात तो धूर जिच्या नाकातोंडात जातो, ती ओट्यापाशी उभी असते. माझी आई चाळीस वर्षं तशी उभी राहिली, म्हणून हा विषय मला किरकोळ वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, खूप तापलेल्या तेलात तळताना निघणारा धूर "बहुधा कर्करोगकारक" या गटात टाकला आहे. महिन्यातून चारदा पुऱ्या केल्या म्हणून घाबरायचं कारण नाही, पण रोजचा धूर बाहेर गेलेलाच बरा.

२. ६० सेंटिमीटरची घेऊ की ९० ची?

बर्नर मोजू नका, शेगडी टेपने मोजा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. चिमणी शेगडीएवढी तरी रुंद हवी, थोडी जास्त असली तर उत्तम. दोन बर्नरची शेगडी ६० सेंटिमीटरच्या आसपास असेल तर ६० ची चिमणी चालते. तीन बर्नरच्या शेगड्या साधारण ७० ते ८० सेंटिमीटर भरतात, त्यांना ९० ची घ्या. चार बर्नरला ९० च.

याचं कारण गॅस पेटवून बघा, लगेच कळेल. कढईतली वाफ सरळ खांबासारखी वर जात नाही, वर जाता जाता फुलते. कडेच्या बर्नरवरची वाफ चिमणीच्या काठाबाहेर गेली की ती पुन्हा आत ओढली जात नाही, ती माळ्याच्या दारांवर जाऊन बसते. तीन बर्नरवर ६० ची चिमणी असलेल्या घरात एका बाजूची शटर चिकट आणि दुसऱ्या बाजूची स्वच्छ, असं मी कितीदा तरी पाहिलं आहे. ती चिकट बाजू बहुतेक मोठ्या बर्नरची असते.

रुंदीइतकंच खोलीकडे, म्हणजे भिंतीपासून पुढे येणाऱ्या मापाकडे, बघा. चिमणी पुढच्या बर्नरच्या निम्म्यापर्यंत तरी आली पाहिजे. चार बर्नरची शेगडी असेल तर फोडणी आणि तळण मागच्या बर्नरवर करा. तिथला धूर चिमणीत जास्त सापडतो, आणि याला पैसे लागत नाहीत.

३. बॉक्सवर १२०० लिहिलंय. म्हणजे नेमकं काय?

तासाला १२०० घनमीटर हवा ओढण्याची क्षमता. पण हा आकडा मोटरच्या सगळ्यात वरच्या वेगाचा आणि समोर फारसा अडथळा नसतानाचा असतो. तुमच्या घरी त्या हवेपुढे फिल्टर असतो, पाईप असतो, वळणं असतात, बाहेरची जाळी असते.

हिशोब करून पाहा. सहा इंची पाईपमधून तासाला १२०० घनमीटर हवा जायची तर ती सेकंदाला सुमारे १९ मीटर वेगाने, म्हणजे ताशी ६८ किलोमीटरने पळाली पाहिजे. वादळातला वारा झाला हा! घरातल्या चिमणीत तो सहसा येत नाही. साध्या फिटिंगमध्ये बॉक्सवरच्या आकड्याच्या निम्मी हवा गेली तरी मी काम नीट झालं असं धरतो.

४. मग माझ्या स्वयंपाकघराला किती आकडा हवा?

लांबी, रुंदी, उंची फुटात मोजून गुणा आणि ३५ ने भागा. हे झाले घनमीटर. आपल्या तेल-मसाल्याच्या स्वयंपाकाला खोलीतली हवा तासाला वीसदा बदलेल असं मी धरतो, म्हणून त्याला २० ने गुणा. पाईपला दोन वळणं असतील तर वर पाव भाग घाला. आणि बॉक्सवर याच्या दुप्पट आकडा शोधा (दुप्पट का, ते प्रश्न ३ मध्ये आहे).

१० बाय ८ चं स्वयंपाकघर, वर १० फुटांवर स्लॅब. ८०० घनफूट, म्हणजे जवळजवळ २३ घनमीटर. वीसपट ४६०, पाव भाग धरून ५७५. बॉक्सवर ११०० ते १२०० पुरे. आपल्याकडच्या बहुतेक घरांचा हिशोब १००० ते १२०० च्या मध्येच बसतो. १५०० चा आग्रह मी दोनच ठिकाणी धरतो: रोजचं तळण असेल तर, आणि पाईपला पर्यायच नाही इतका लांब घ्यावा लागत असेल तर.

जुन्या वाड्यात छत १२-१३ फुटांवर असतं. तिथे हे गणित उगाच फुगतं. चिमणी धूर ओट्यापाशीच धरते, वरच्या रिकाम्या जागेचं तिला काही नसतं. अशा घरात उंची १० फूटच धरून हिशोब करा.

५. पाईप चार इंची चालेल का? सहा इंची भोक पाडायला भिंत फार फोडावी लागते.

नाही. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

सहाचा चार इंच केला म्हणजे एक तृतीयांश कमी झाला असं वाटतं. प्रत्यक्षात हवा जाण्याची जागा निम्म्याहून कमी होते. सहा इंची पाईपचं तोंड साधारण १७७ चौरस सेंटिमीटरचं, चार इंचीचं जेमतेम ७८. मोटर तीच, पण हवा कोंडते, आवाज वाढतो, तेल पाईपच्या तोंडाशी जमतं आणि मोटरवर ताण येतो.

मागच्या वर्षी अमळनेरच्या एका घरी गेलो. चिमणी १३०० च्या वरची, ९० ची, वर्षभरही जुनी नाही, आणि तरी घरात ठसका. कव्हर काढलं तर आत सहा इंची तोंडावर रिड्यूसर, म्हणजे तोंड लहान करणारा जोड, बसवून पुढे चार इंची पीव्हीसी टाकलेला. भिंतीत आधीचं एक्झॉस्टचं भोक होतं, बसवणाऱ्याने तेच वापरून टाकलं होतं. रिड्यूसरच्या कडेला बोटभर जाडीचा पिवळा, मधासारखा तेलाचा थर. कोअर कटिंगवाल्याला बोलावून सहा इंची भोक पाडलं, पाईप बदलला. चिमणीला हातही लावला नाही. त्या काकूंनी दुसऱ्या दिवशी मिरच्या भाजल्या आणि फोन केला, "भाऊ, आज खोकलाच नाही आला."

पाईपबद्दल आणखी थोडं. तो शक्य तितका आखूड आणि सरळ ठेवा. दोनपेक्षा जास्त एल्बो (वळणाचे जोड) नकोत, आणि काटकोनी एल्बोपेक्षा गोलाईचा बरा. ॲल्युमिनियमचा लवचीक पाईप वापरायचाच असेल तर पूर्ण ताणून बसवा. तो चुरगळून माळ्यात कोंबला तर आतल्या सुरकुत्या हवा अडवतात आणि त्यांत तेल साचतं. जुन्या धाब्याच्या घरात पाईप छतातून काढू नका, बाजूच्या भिंतीतून काढा. मातीच्या छताला पाडलेलं भोक पहिल्याच पावसात गळतं. लाकडी तुळईला पाईप चिकटणार नाही हेही बघा.

६. शेगडीपासून चिमणी किती उंच?

शेगडीच्या वरच्या भागापासून २६ ते ३० इंच, म्हणजे ६५ ते ७५ सेंटिमीटर. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत वेगळं माप दिलं असेल तर तेच खरं. यापेक्षा खाली घेतली तर आच फिल्टरला लागते. वर घेतली तर धूर निसटतो. "डोक्याला लागते" म्हणून तीन-सव्वातीन फुटांवर नेलेली चिमणी, मग ती १५०० ची का असेना, निम्मं काम करत नाही.

ओटा ३४ इंच, शेगडी ५ इंच, वर २८ इंच धरले तर चिमणीची खालची कड ५ फूट ७ इंचांवर येते. घरात स्वयंपाक करणारं माणूस त्याहून उंच असेल तर तिरपी, काचेची चिमणी घ्या. तिची पुढची बाजू वर उचललेली असते. आणि भोक पाडण्याआधी घरच्यांना ओट्यापुढे उभं करून भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारा. ही पाच मिनिटं वाचवू नका.

७. बॅफल फिल्टर, जाळी की बिनफिल्टरची?

आपल्या स्वयंपाकाला जाळी नको. ती पंधरवड्यात तेलाने बुजते, आणि बुजलेली जाळी असली की आकडा कितीही मोठा असो, हवा जात नाही. बॅफलमध्ये स्टीलच्या वळणदार पट्ट्या असतात, हवा वळते आणि जड तेल पट्टीवर आपटून खाली ओघळतं. बिनफिल्टरच्या चिमणीत हेच काम फिरणारा पंखा करतो. दोन्ही चांगल्या. बॅफल महिन्यातून एकदा, तळण जास्त असेल तर दोनदा, कडक पाणी आणि भांड्याच्या साबणाने धुवायची तयारी असेल तर तीच घ्या. धुणं होणारच नसेल तर बिनफिल्टरची, ऑटो-क्लीनवाली घ्या.

ऑटो-क्लीन म्हणजे आतलं हीटर तेल वितळवतं आणि ते खालच्या वाटीत येतं. ती वाटी आपल्यालाच रिकामी करावी लागते. पाईप मात्र कुठलंही बटन साफ करत नाही.

८. भाड्याचं घर आहे, भिंत फोडता येत नाही. बिनपाईपची चालेल?

चहा, पोळ्या, साधी भाजी एवढ्यापुरती चालेल. बिनपाईपची चिमणी हवा कोळशाच्या फिल्टरमधून काढून परत खोलीतच सोडते. वास कमी होतो, पण वाफ आणि उष्णता घरातच राहते. मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना ती उष्णता नको होते. मिरचीचा ठसकाही ती पुरता धरत नाही. कोळशाचा फिल्टर धुता येत नाही, काही महिन्यांनी बदलावाच लागतो, तो खर्च आधी धरा. घरमालक तयार असतील तर खिडकीच्या एका तावदानाच्या जागी पत्रा बसवून त्यातून सहा इंची पाईप काढता येतो. घर सोडताना काच परत लावायची. मी नेहमी आधी हेच सुचवतो.

९. उन्हाळ्यात कूलर चालू केला की चिमणी काम करत नाही. असं का?

हा खास आपल्याकडचा प्रश्न आहे. मार्च ते जून फोन येतो तो याचाच.

डेझर्ट कूलर घरात भरपूर हवा ढकलतो. ती हवा बाहेर पडायला वाट हवी असते, आणि चिमणी ती वाट देते. म्हणजे कूलर चिमणीचा वैरी नाही. अडचण होते ती झोताची. कूलरचा झोत सरळ ओट्यावर आला तर कढईवरचा धूर आडवा उडतो, चिमणीपर्यंत पोचतच नाही. कूलरचं तोंड फिरवा, झोत समोरच्या भिंतीवर आपटून यायला हवा. ओट्यावरच्या पंख्याचं आणि शेगडीच्या अगदी बाजूच्या खिडकीचंही तसंच. फोडणीपुरता पंखा बंद किंवा एकदम मंद करा. उघडी खिडकी ओट्यापासून लांबची असू द्या.

घरात एसी असेल तर स्वयंपाकघराचं दार लोटून घ्या आणि स्वयंपाकघराची खिडकी बोटभर उघडी ठेवा. नाहीतर चिमणी एसीची गार हवा ओढून बाहेर फेकेल.

१०. सगळ्या खिडक्या बंद ठेवून चिमणी लावली तर जास्त जोर येतो ना?

उलट होतं. जेवढी हवा बाहेर जाते तेवढी कुठून तरी आत आली पाहिजे. आत यायला वाट नसेल तर मोटर नुसती फिरते.

आणि इथे एक धोका आहे, तो गंभीरपणे वाचा. घरात गॅस गीझर असेल आणि दारं-खिडक्या बंद असतील, तर चिमणी त्या गीझरचा जळका वायूही घरात ओढू शकते. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, मग शुद्ध जाते. गॅस गीझर आणि मोठी चिमणी एकाच वेळी चालवू नका, आणि चिमणी चालू असताना एक खिडकी उघडी राहूच द्या. जास्त ताकदीची चिमणी घेतली तर ही काळजीही जास्त घ्यावी लागते. गीझर मुळात बाथरूमच्या आत नसावाच.

गॅसची गळती झाल्याचा वास आला तर चिमणीचं बटन दाबू नका. कुठलंच बटन दाबू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या.

११. भरताची वांगी चिमणीखाली भाजता येतील का? आणि मांडे?

दोन-तीन वांगी गॅसवर भाजायला हरकत नाही. आच मंद, वांग्याला आधी तेलाचा हात फार नको, चिमणी पहिल्या वेगावर आणि फिल्टर स्वच्छ. तेलाने माखलेल्या फिल्टरखाली मोठी ज्योत ठेवली तर फिल्टर पेट घेऊ शकतो. रिकाम्या बर्नरची मोठी ज्योतही चिमणीखाली तशीच सोडू नका.

थंडीत घरभर माणसं जमली आणि टोपलीभर वांगी भाजायची असतील, तर पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) पेटवा आणि शेतात किंवा अंगणात भाजा. जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या धुराची चव गॅसवर येत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. खापरावरचे मांडे चुलीवरच होतात. चूल, शेगडीतला कोळसा, लाकूड, यांच्यावर घरगुती चिमणी कधीच लावू नका. ठिणग्या वर जातात आणि पाईपमधल्या तेलाला लागतात. चुलीला पत्र्याचं वेगळं धुराडंच हवं.

१२. हॉल आणि किचन एकच आहे. सगळ्या जागेचा हिशोब धरायचा का?

प्रश्न ४ चं गणित इथे फसतं, आकडा दोन हजारांवर जातो. स्वयंपाकाच्या भागाचाच हिशोब करा, पण रुंदी एक पायरी वाढवा: ६० लागत असेल तिथे ९० घ्या. ओट्याच्या दोन्ही बाजूंना कपाटं असली की आडवा वारा अडतो. ओटा हॉलच्या मध्ये असेल तर चारी बाजूंनी वारा लागतो, तिथे छताला टांगायची वेगळी चिमणी येते. ती शेगडीपेक्षा दोन्ही बाजूंना चार-चार बोटं तरी बाहेर हवी.

१३. आवाज फार येतो. कमी ताकदीची घ्यायला हवी होती का?

बहुतेक वेळा नाही. मोठी चिमणी मधल्या वेगावर चालवली तर ती लहान चिमणी वरच्या वेगावर चालवण्यापेक्षा शांत असते. आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि १० डेसिबल वाढले की कानाला जवळजवळ दुप्पट वाटतं, म्हणून ५८ आणि ६५ मधला फरक किरकोळ समजू नका. चिमणी जुनी नसेल आणि घरघरत असेल तर आधी पाईप तपासा (प्रश्न ५).

१४. वीजबिल किती वाढेल? इन्व्हर्टरवर चालेल का?

२०० वॉटची मोटर रोज दोन तास चालली तर महिन्याला १२ युनिट. बीएलडीसी ही कमी वीज खाणारी मोटर असेल तर त्याहून कमी. इन्व्हर्टरवर मोटर आणि दिवे सहसा चालतात, ऑटो-क्लीनचं हीटर मात्र लाईट आल्यावरच लावा. गावाकडे व्होल्टेज खाली-वर होतं तिथे अर्थिंग असलेला वेगळा पॉइंट घ्या, मिक्सरच्या बोर्डावरून वायर ओढू नका.

१५. पावसाचं पाणी आत येतं, पारव्यांनी घरटं केलं. काय करू?

पाईप बाहेरच्या बाजूला किंचित उतरता ठेवा आणि तोंडावर झाकण बसवा. पक्षी अडवायला बारीक जाळी लावू नका, ती तेलाने बुजते. बोटभर छिद्रांची जाळी पुरते. शक्य असेल तर पाईपचं तोंड पश्चिमेला काढू नका. उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला वारा तिकडूनच झोडपतो आणि झडप उघडू देत नाही.

१६. आम्ही घरीच केळीचे वेफर्स तळून विकतो. १५०० ची घेतली तर पुरेल?

रावेर-यावलकडून हा प्रश्न वारंवार येतो. पुरणार नाही. घरगुती चिमणी दिवसातून दोन-तीन तासांच्या स्वयंपाकासाठी बनते. सलग सहा तास तळणाच्या मोठ्या कढईवर तिची मोटर तापते, तेलाची वाटी दोन दिवसांत भरते आणि पाईपमधलं तेल आगीला निमंत्रण देतं. तळणाला वेगळी शेड करा. वर कढईपेक्षा सगळीकडून अर्धा फूट मोठा पत्र्याचा हूड, काढून धुता येणारे बॅफल आणि बाहेर बसवलेला वेगळा ब्लोअर घ्या. घरच्या ओट्यावर हे काम नको.

१७. सगळं करूनही ठसका लागतोच. चिमणी बदलू का?

थांबा, आधी एक उदबत्ती घ्या. गॅस बंद, पंखा बंद, एक खिडकी उघडी, चिमणी मधल्या वेगावर. पेटवलेली उदबत्ती शेगडीच्या चारही कोपऱ्यांवर भांड्याच्या उंचीला एकेक मिनिट धरा आणि धुराची रेघ बघा.

चारही ठिकाणी रेघ वर वळून आत गेली तर चिमणी ठीक आहे. मग दोष वापरात आहे. फोडणीच्या दोन-तीन मिनिटं आधी चिमणी लावा आणि गॅस बंद झाल्यावर पाच मिनिटं चालू ठेवा. मिरची तव्यावर टाकून मग बटन शोधलं तर उशीर झालेला असतो. एकाच बाजूची रेघ निसटली तर रुंदीचा किंवा आडव्या वाऱ्याचा दोष आहे, प्रश्न २ आणि ९ बघा. सगळीकडूनच निसटली तर उंची मोजा, फिल्टर धुवा, मग बाहेर जाऊन पाईपच्या तोंडाशी हात धरा. तिथे वारा जोरात लागला पाहिजे. लागत नसेल तर पाईप उघडून बघा. एवढं करूनही बाहेर वारा येत नसेल, तर मोटर गेलेली आहे, आणि तेव्हाच नवीन चिमणीचे पैसे मोजा.